तांब्याच्या चकत्या आणि कोषाध्यक्षाचा मत्सर

फार पूर्वी हेमकूट नगरात सुतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका जमीन मोजणाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव क्षेमंकर. शेतांच्या हद्दी तो इतक्या नेमकेपणाने मोजत असे की राजाने त्याला बोलावून घेतले आणि पुढे अमात्य केले.

त्याच दरबारात वसुरात नावाचा वयोवृद्ध कोषाध्यक्ष होता. तेवीस वर्षे त्याने राजकोष सांभाळला, पण स्वतःसाठी कधी एक कवडीही घेतली नाही. काही पेच पडला की राजा आधी वसुराताकडे पाही. त्या एका नजरेवर वसुरात जगत होता.

एका वर्षी नदीवरचा बंधारा फुटला आणि कालवे कोरडे पडले. त्यातच दरोडेखोरांनी उत्तरेची खिंड अडवल्याने खाणीतली चांदी येईनाशी झाली. वसुरात म्हणाला, "महाराज, कोषात चार हजार नाणी उरली आहेत. घरात कमी असले की माणूस खर्च आवरतो. राज्यानेही आवरावा."

राजाने बांधकामे थांबवली आणि पहारेकऱ्यांचे वेतन निम्मे केले. ज्यांना वेतन नाही त्यांनी खरेदी थांबवली, ज्यांचा माल खपला नाही त्यांना कर भरता येईना. कोष आणखी आटला, तशी वसुराताने आणखी काटकसर केली. सहा महिन्यांत तीनशे पाथरवट चौकात रिकामे बसून राहिले. कोठारातल्या धान्याला कीड लागू लागली, कारण ते विकत घ्यायला कोणाच्या हातात नाणे नव्हते.

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, घरधनी नाणी पाडत नाही, आपण पाडता. चांदी नाही हे खरे. पण टेकडीत दगड आहे, कोठारात धान्य आहे आणि चौकात माणसे आहेत. तांब्याच्या चकत्यांवर आपली मुद्रा उमटवा. मजुरी म्हणून त्या देऊन बंधारा बांधून घ्या."

"तांब्याच्या तुकड्याला कोण विचारणार?" राजाने विचारले.

"यंदाचा कर त्याच चकत्यांत घेतला जाईल अशी दवंडी द्या. ज्याला कर भरायचा आहे तो विचारील."

तसे झाले. खडी फोडणारी पाटला नावाची विधवा पहिली चकती घेऊन बाजारात गेली. तेल्याने ती उलटसुलट करून पाहिली, त्याला दुकानाचा कर आठवला आणि त्याने मुकाट्याने तेल मोजून दिले. महिन्याभरात बाजार भरू लागला. बंधाऱ्याची भिंत कमरेइतकी वर आली.

आता पेच पडला की राजा क्षेमंकराकडे पाहू लागला. वसुरात शेजारीच उभा असे. राजाने दिवसात किती वेळा क्षेमंकराचे नाव घेतले, हे तो मनात मोजू लागला. एके दिवशी जेवायला वाढताना त्याची पत्नी म्हणाली, "किती दिवसांनी तूप मिळालं हो! त्या अमात्यांचं भलं होवो." वसुरात अर्ध्या ताटावरून उठला. आपण चुकतो आहोत हे त्याला कळत होते. तरी छातीतली आग विझेना.

मग ज्याने जन्मभर राजाला खर्चापासून अडवले तोच एकांतात म्हणाला, "महाराज, चकत्या पाडायला काय लागते? आपण सात मजली प्रासाद बांधावा. पाथरवटांना दुप्पट मजुरी दिली की काम लगेच होईल."

राजाला हे आवडले. बोधिसत्त्वाने हात जोडले. "चकत्या हव्या तितक्या पाडता येतील, महाराज, पण पाथरवट पाडता येणार नाहीत. आता एकही रिकामा नाही. प्रासादाला लावाल ते बंधाऱ्यावरूनच उचलावे लागतील."

"आधी खर्चाचे दार उघडलेस, आता तूच आडवा येतोस?" राजा रागावला आणि त्याने क्षेमंकराला पदावरून दूर केले. बोधिसत्त्व बंधाऱ्यावर गेला आणि मोजणीची दोरी धरून मजुरांबरोबर काम करू लागला.

पुढे सारे वसुराताने योजले होते तसेच घडले. पाथरवट प्रासादाकडे गेले. चकत्या भारंभार झाल्या, धान्य मात्र होते तेवढेच राहिले. दोन चकत्यांचे तांदूळ नऊला मिळेनात. पाटला राजद्वारी येऊन ओरडली, "मी तेवढाच दगड फोडते महाराज, मग माझी चूल का पेटत नाही?" चकत्या यानेच काढल्या म्हणून चिडलेल्या लोकांपैकी कोणीतरी बाजारात क्षेमंकराला दगड मारला. त्याच्या कपाळातून रक्त वाहिले.

वसुराताने ते डोळ्यांनी पाहिले. किती दिवस तो याच क्षणाची वाट पाहत होता. पण आनंद काही होईना. रक्त पुसून क्षेमंकर लोकांना एवढेच म्हणाला, "बंधाऱ्यावर चला. पावसाळ्याला वीस दिवस उरलेत."

वसुरात तडक दरबारात गेला आणि राजापुढे बसला. "महाराज, प्रासाद मला नको होता. मला क्षेमंकराचे नाव बुडवायचे होते. आपण त्याच्याकडे पाहता ते मला सोसत नव्हते."

राजाने क्षेमंकराला बोलावले आणि वसुराताला नगराबाहेर घालवण्याची आज्ञा दिली. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, प्रासाद थांबवा आणि पाथरवट परत द्या. श्रीमंतांवरचा कर वाढवा, करातून परत आलेल्या जादा चकत्या वितळवा. हे मोजायला अचूक माणूस लागेल. वसुरातांइतके अचूक मला मोजता येत नाही. जमीन मोजत होतो तेव्हापासून मी त्यांचे काम बाहेरून पाहून आनंदत आलो. नाण्यांबरोबर रिकामे हात आणि कोठारातले धान्य मोजायचे कामही त्यांनाच द्या."

राजाने आज्ञा मागे घेतली आणि तसेच केले. वसुरात क्षेमंकराच्या कपाळावरच्या जखमेकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो बंधाऱ्यावर जाऊन माणसे मोजू लागला. पाणी आले तेव्हा भिंत पुरी झाली होती.

सोबत्याला मिळणाऱ्या मानाने जळणाऱ्या एका भिक्खूला त्याच्या गुरूंनी, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा सुतसेन राजा म्हणजे तुझा हाच सोबती. पाटला म्हणजे आज सकाळी तुम्हा दोघांना भिक्षा वाढणारी उपासिका. वसुरात तू होतास आणि क्षेमंकर मी. दुसऱ्याच्या गुणाने मनापासून आनंदणे, याला मुदिता म्हणतात."

भिक्खू उठला आणि सोबत्याच्या शेजारी जाऊन बसला.