सुतळीच्या गाठी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण त्याच्या कारभाऱ्याची ही हकिगत अजून सांगतात.

त्या राज्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी दोन आश्रयघरं होती, एक नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. राजा कारभाऱ्याला म्हणाला, "दोन्ही पाहून या. जिथे माणसं सुरक्षित नाहीत ते घर बंद करू, तिथल्यांना दुसऱ्या घरी नेऊ."

कारभारी मोठा काटेकोर. अलीकडच्या घरात त्याला नाव ठेवायला जागा मिळेना. जमीन लख्ख, चादरी शुभ्र, म्हातारी माणसं आपापल्या खाटेवर गप्प बसलेली. तिथला प्रमुख म्हणाला, "आमच्याकडे आजवर एकही माणूस पडलेलं नाही." कारभारी खूश झाला.

पलीकडच्या घरात मात्र बाजारासारखा गलका. कुणी शेंगा सोलतंय, कुणी विहिरीवर भांडतंय. भिंतीभिंतीने कमरेएवढ्या उंचीवर एक जाड दोर बांधलेला, आणि त्याला जागोजागी सुतळीच्या गाठी.

"या गाठी कसल्या?" त्याने विचारलं.

"जिथे कुणी पडेल, तिथे त्याच दिवशी गाठ मारायची. आमची रीतच आहे," सगुणाआजी म्हणाली. ती आंधळी होती, वीस वर्षं तिथेच राहत होती.

कारभाऱ्याने गाठी मोजल्या. एकेचाळीस भरल्या. "आजी, एवढी माणसं पडली म्हणजे हे घर बंदच करायला हवं. तुम्हाला अलीकडच्या घरी नेऊ."

आजीची दोरावरची मूठ घट्ट झाली. "तिथे मला चालू देतील का रे?"

कारभाऱ्याने अलीकडचं घर आठवून पाहिलं. त्या घरात उभं असलेलं एकही माणूस त्याला आठवेना.

"निवाडा तुझाच, लेका," आजी म्हणाली. "पण आधी डोळे मीट, दोर धर आणि माझ्यामागून ये."

त्याने डोळे मिटले. हाताला गाठ लागली. "पायरी आहे," आजी म्हणाली. पुढच्या गाठीला तिने चुलीची झळ सांगितली. मग ती बोलायची थांबली. गाठ लागली की कारभाऱ्याचा पाय आपसूक जपून पडू लागला.

दोर संपला तेव्हा त्याने डोळे उघडले. चूल, विहीर, सगळ्या पायऱ्या ओलांडून तो परसातल्या चाफ्याखाली उभा होता. एकेचाळीस जणांनी पडून त्याला हात धरून इथवर आणलं होतं.

"गाठीपाशी पुन्हा कुणी पडलं?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण ठेच कुठे लागली ते मागच्याला कळायला नको?"

कारभाऱ्याने आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. राजाला सांगून त्याने ते घर राखलं, आणि अलीकडच्या घरातही दोर बांधून खाटांवरची माणसं उठवली.

महिन्याभराने तो तिथे गेला. उंबऱ्यापाशी दोराला एक कोरी गाठ होती. "काल एक आजोबा अडखळले," प्रमुख मान खाली घालून म्हणाला. कारभाऱ्याने त्या गाठीला हात लावून नमस्कार केला.

ठेच लागू नये म्हणून माणसाला बसवून ठेवणारं घर नुसतं दिसायला चांगलं. ठेचेची खूण ठेवणारं घर माणसाला जपतं.