फावडे खाली ठेवा

एका खोऱ्याला एकदा राजा नव्हता. नदी होती, नदीवर दगडी बंधारा होता आणि बंधाऱ्यातून निघालेला पाट सर्वांची शेते भिजवीत असे. कोणाच्या शेतात पाणी केव्हा सोडायचे, हे ठरवणाऱ्याला पाटकरी म्हणत. त्याच्या हातातले फावडे हीच त्या खोऱ्याची राजमुद्रा. दरवर्षी मार्गशीर्षात, पेरणी आटोपल्यावर, सभा भरे आणि विचारले जाई, "कोणाची हरकत?" एकाने जरी हरकत घेतली, तरी पाटकऱ्याने फावडे सभेच्या मध्यभागी जमिनीवर ठेवायचे, असा नियम होता. ज्याला ते पेलेल असे वाटे, त्याने उचलावे आणि सभेची मान्यता घ्यावी. कोणीच पुढे आले नाही, तर जुन्यानेच ते पुन्हा हाती घ्यावे.

त्या काळी फावडे एका व्यापाऱ्याकडे होते. तो दुष्ट नव्हता, हे आरंभीच नमूद करणे न्यायाचे होईल. फुटलेला बंधारा त्याने स्वतः उभे राहून बांधून घेतला होता, आणि त्याच्या कारकिर्दीत पाटाच्या शेवटच्या टोकाचे शेतही कोरडे राहिले नव्हते. तरीही पाठशाळेचे वृद्ध आचार्य प्रत्येक सभेत उभे राहत आणि म्हणत, "माझी हरकत आहे."

"कशाबद्दल, गुरुजी?"

"तक्रार काही नाही. हरकत आहे."

लोक हसत. व्यापारी फावडे खाली ठेवी, कोणी उचलीत नसे, मग तो वाकून ते पुन्हा घेई. आचार्यांच्या शिष्याला मात्र त्या वेळी मान वर करवत नसे.

हा शिष्य पाठशाळेतील अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवीत असे. त्या वर्षी त्याने राज्यपद्धतींचा पाठ फार काळजीपूर्वक रचला होता. वंशपरंपरेने आलेल्या एकाचे राज्य ती राजेशाही, मोजक्या घराण्यांचे ती अल्पजनसत्ता, बळाने बसलेल्या एकाचे ती हुकूमशाही, आणि सर्वांनी मिळून चालवलेले ती लोकशाही.

"मग आपल्या खोऱ्यात कुठली, मास्तर?" एका मुलीने विचारले.

"लोकशाही, अर्थात. आपल्याकडे सभा भरते ना?" असे म्हणून तो पुढच्या मुद्द्याकडे वळला.

मार्गशीर्षाची सभा भरली. आचार्य उभे राहिले. या वेळी व्यापाऱ्याने फावडे खांद्यावरून उतरवलेच नाही.

"पुरे झालं, गुरुजी," तो म्हणाला. "वर्षभर पाटावर राबायचं मी, आणि दरवर्षी चार लोकांत वाकायचंही मीच? तक्रार असेल तर सांगा, उत्तर देतो. नसेल तर बसा."

"नियमात तक्रारीची अट नाही. फावडे खाली ठेवा."

"बसा हो गुरुजी!" मागून कोणी ओरडले. "म्हातारपणी भलताच नाद लागलाय!"

हशा पिकला आणि त्या हशातच सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठशाळेच्या शेताचे पाणी बंद झाले होते. त्या शेतातला गहू म्हणजे मुलांचे वर्षभराचे अन्न. कोंब नुकतेच वर आले होते. शिष्य धावत व्यापाऱ्याच्या ओसरीवर गेला. व्यापाऱ्याने त्याला आदराने बसवले, गूळपाणी दिले.

"मास्तर, माझं गुरुजींशी वैर नाही. त्यांनी सभेत येऊन एवढंच म्हणावं, की माझं चुकलं. सूर्य मावळायच्या आत पाणी सोडतो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर गहू करपेल. मी काय करणार? पाटाला शिस्त लागते."

शिष्य परतला आणि आचार्यांसमोर हात जोडून म्हणाला, "गुरुजी, एक शब्द बोला. मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे. तुमची तक्रार तर नव्हतीच!"

"तू मुलांना राज्यांचे प्रकार शिकवलेस," आचार्य शांतपणे म्हणाले. "तुझ्या व्याख्या बिनचूक होत्या. पण चांगला राजाही शेते भिजवतो आणि आळशी सभा ती वाळू देते. पाणी कोण नीट सोडतो, यावरून राज्य ओळखू नकोस. 'नाही' म्हणणाऱ्याची दुसरी सकाळ कशी उगवते, ते पाहा. राजेशाहीत त्याला क्षमा मागावी लागते. मोजक्यांच्या राज्यात त्याचे घराणे कोणते, यावर सारे ठरते. हुकूमशाहीत तो कुठे गेला, हे विचारण्याचीही चोरी असते. आणि राज्य सर्वांचे असेल, तर त्याच्या शेतात काल होते तेवढेच पाणी असते. मी दरवर्षी हेच तपासत होतो. वाईट माणसाला कोणीही हरकत घेईल. चांगल्या माणसापुढे मात्र गावाची हरकत घेण्याची सवय मोडते, आणि गरज पडते त्या दिवशी कोणाच्या घशातून आवाज निघत नाही. आता शेतावर जा, आणि आपल्या खोऱ्यात कोणते राज्य आहे ते तूच ठरव."

शिष्य शेतावर गेला. कोरड्या पाटात उभा राहून त्याने उन्हाने माना टाकू लागलेले कोंब पाहिले. मग तो पाठशाळेकडे वळला नाही. थेट चावडीवर जाऊन त्याने सभेचा ढोल वाजवला; तो वाजवण्याचा अधिकार खोऱ्यातील प्रत्येकाला होता.

लोक जमले. व्यापारीही फावडे घेऊन आला.

"काय मास्तर, माफी आणलीत?"

"हरकत आणली आहे." शिष्य म्हणाला. "फावडे खाली ठेवा."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर उद्यापासून मुलांना शिकवीन, की आपल्या खोऱ्याला राजा आहे. त्याचं नावही सांगीन. मग पोरं घरी जाऊन आपापल्या आईबापांना विचारतील, हा राजा तुम्ही कधी बसवलात?"

या वेळी कोणी हसले नाही. पाटाच्या शेवटच्या टोकाला जिचे शेत होते, ती धुरपदाबाई पदर खोचून उभी राहिली.

"ठेवा की शेठ. आज गुरुजींचं पाणी तोडलंत. उद्या माझं तोडाल, तेव्हा मी कुणाच्या नावानं ढोल बडवू?"

"ठेवा," मागून आवाज आला. आदल्या दिवशी 'बसा' म्हणून ओरडलेला माणूसच तो. मग आणखी कोणी म्हणाले, आणखी कोणी, आणि अखेर सारी सभाच म्हणू लागली.

व्यापाऱ्याने फावडे जमिनीवर ठेवले. मग धुरपदाबाई पुढे झाली आणि तिने ते उचलले. "अगं बाई, जड आहे की!" ती पुटपुटली. सभेने हात वर करून मान्यता दिली.

सायंकाळी पाठशाळेच्या गव्हाला पाणी मिळाले. नवख्या हातांमुळे शेजारच्या मिरचीच्या वाफ्यांतही ते घुसले आणि मिरचीवाल्याने पुष्कळ आरडाओरडा केला.

बांधावर उभा राहून शिष्य म्हणाला, "गुरुजी, हे काम व्यापाऱ्याला तिच्यापेक्षा अधिक चांगलं येत होतं."

"येत होतं," आचार्य म्हणाले. "ती त्याला विचारील. तोही सांगेल, त्याचं शेत याच पाटावर आहे."

शिष्याने वाकून मिरचीकडे वळणाऱ्या पाण्याला मातीचा बांध घातला.

"पुढच्या मार्गशीर्षात तुम्ही बसून राहा, गुरुजी," तो म्हणाला. "धुरपदाबाईंच्या नावाला हरकत मी घेईन."

ज्या राज्याला आपण आपले म्हणतो, तेथे शेवटची हरकत कोणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात काय झाले, हे आपणही एकदा पाहून यावे.