शांतवनबुवाचा दोर

जो मरणाच्या दारातून चालून गेला आणि आपल्यासाठी ते दार उघडं ठेवून आला, त्या दयासागर प्रभूला आधी वंदन. ऐकणाऱ्यांच्या अंतरी तो वसो, सांगणाऱ्याच्या जिभेवर त्याची कृपा राहो.

फार फार वर्षांपूर्वी, बोरमाळ गावाच्या कुसाबाहेर शांतवन नावाचा एक दोर वळणारा राहत असे. मोटेचा नाडा असो, गुरांचं दावं असो, पाळण्याची दोरी असो, सारं त्याच्याच हातचं. त्याने वळलेला दोर विहिरीत कुजत नसे आणि उन्हात तडकत नसे, असं म्हणतात.

साऱ्या गावात प्रभूचं नाव घेणारी माणसं दोनच, शांतवन आणि त्याची बायको सालोमी. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी भाऊबंदांनी तोंड फिरवलं, ते फिरवलंच. पाद्रीसाहेब वर्षातून एकदा घोड्यावरून येत, प्रार्थना करीत आणि जात. बाकीचे सगळे दिवस त्या दोघांचे.

दोर वळणं हे दोघांचं काम. एकाने बसून लाकडी फिरकी फिरवायची आणि दुसऱ्याने काखेतल्या पेंढीतून वाख, म्हणजे घायपाताचे धागे, लावत लावत मागे सरकायचं. दोर वाढत जातो तसा वळणारा उलट्या पावलांनी दूर जातो, आपण कुठे चाललो ते त्याला दिसत नाही. सालोमी फिरकी फिरवी, शांतवन भजन म्हणत मागे जाई.

पुढे सालोमी वारली. तिच्या मातीला चौघे हवे होते, दोघे मिळाले. मग शांतवनाने फिरकी हिवराच्या झाडाला बांधली. चार हात वाख लावावा, झाडापाशी परत यावं, फिरकी फिरवावी, पुन्हा मागे जावं. एका दिवसाच्या कामाला आता तीन दिवस लागत. येणारेजाणारे हसत.

केरबा नावाचा शेतकरी तर रोज बांधावरून ओरडे, "काय बुवा, आज झाडाशी भांडण झालं का? लई फेऱ्या चालल्यात!"

शांतवन म्हणे, "भांडायला कुणी तरी बोलावं लागतं, पाटील. झाड बोलत नाही."

केरबा हसत निघून जाई, आणि शांतवनाला तेवढ्या दोन शब्दांचाही आधार वाटे.

त्या वर्षी गावात तापाची साथ आली. सगुणा नावाच्या विधवेची पाच वर्षांची एकुलती लेक मैना त्या तापात गेली. लहान लेकराला अग्नी देत नाहीत म्हणून ओढ्याकाठी पुरलं. शांतवनाचं काळीज हललं. आपल्याजवळ एवढी मोठी आशा आहे आणि ती माउली अशी आशेवाचून रडत बसली आहे, हे त्याला पाहवेना. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या अंगणाबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "माय, रडू नका. तुमची लेक उठेल."

सगुणेने डोळे पुसले, ती उठली आणि थेट ओढ्याकाठी गेली. मातीच्या त्या लहानशा उंचवट्यापाशी वाटीत दूधभात घेऊन बसली. लेक उठेल तेव्हा भुकेली असेल, असं तिच्या मनाने घेतलं. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी तिचा दीर तात्याबा तिला हाताला धरून घेऊन आला, तेव्हा तिच्या ओठांतून शब्द निघत नव्हता. त्यानंतर ती बोललीच नाही. दिवस उजाडला की ओढ्यावर जाऊन बसे. अन्न तिने जवळजवळ सोडलं.

तात्याबा शांतवनाच्या दारात येऊन म्हणाला, "अरं, मेलेल्या लेकराच्या आईची चेष्टा करतोस? ही बाई जगली नाही तर तुझ्या देवानंच नेली म्हणीन मी!"

गावाने त्याच्याकडून दोर घेणं बंद केलं. केरबासुद्धा बांधावरून खाली मान घालून जाऊ लागला.

शांतवन झोपडीत जाऊन गुडघ्यांवर बसला आणि प्रभूच्या वचनांचं पुस्तक उघडून वाचू लागला. वाचता वाचता एके ठिकाणी त्याचं बोट थांबलं. मित्राच्या कबरेपाशी प्रभू आला, तेव्हा त्या मित्राला आपण आता उठवणार हे त्याला ठाऊक होतं. तरीही तो आधी रडला. हाक नंतर मारली. शांतवनाने पुस्तक कपाळाला लावलं आणि म्हणाला, "स्वामी, तू आधी रडलास. मी आधी बोललो."

सकाळी त्याने फिरकी आणि वाखाची पेंढी उचलली आणि तो ओढ्याकाठी गेला. सगुणेपासून तीस पावलांवर एक हिवर होता. त्याला फिरकी बांधून तो वळू लागला. शब्द बोलला नाही, भजनही म्हटलं नाही. वाख लावावा, परत यावं, फिरवावं, मागे जावं. डोळ्यांतून पाणी येई, ते पुसायला हात मोकळे नसत. असे चाळीस दिवस गेले, असं म्हणतात. त्या चाळीस दिवसांत त्याच्याशी एकही माणूस बोललं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी सगुणा उठली. फिरकीपाशी येऊन बसली आणि तिने ती हातात घेतली.

"झाडाला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. आवाज गंजल्यासारखा होता. "तुम्ही जा मागं."

शांतवन मागे सरकू लागला. दोर दोघांमध्ये वाढू लागला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उठेल म्हणाला होतात. उठली नाही."

"चुकलं माझं, माय. तुमचं रडणं व्हायच्या आधी बोललो."

"मग ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. माझ्या प्रभूला मरणानं धरलं, पण ठेवून घेता आलं नाही त्याला. आपल्या लेकरांना हाक मारून उठवीन, असा त्याचा शब्द आहे. कधी, ते मला ठाऊक नाही. माझी सालोमीबी तिकडंच आहे. मी रोज रडतो आणि रोज वाट बघतो. दोन्ही एकदमच करतो."

सगुणेने फिरकी थांबवली नाही. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने भाकरी मागितली. तात्याबा चुलीपाशी तोंड लपवून रडला.

पुढे बारा वर्षं ती दोघं तिथे दोर वळत राहिली. विटाळ म्हणून कुजबूज झाली, तशी विरूनही गेली. सगुणेने काय मानलं आणि काय नाही, ते प्रभूलाच ठाऊक. शांतवनाने कधी विचारलं नाही, तिने विचारलं तेवढंच सांगितलं.

मग एके दिवशी म्हातारा शांतवन नेहमीसारखा उलट्या पावलांनी चालू लागला. पेंढी एकच होती, पण वाख सरेना. तो ओढा ओलांडून गेला, माळ ओलांडून गेला, टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. दोर वाढतच राहिला. सगुणा फिरकी फिरवीत राहिली, पलीकडून ओढ लागत राहिली. दिवस कलला तेव्हा केरबा आणि तात्याबा दोर धरून टेकडीवर गेले. उतारावर शांतवन निजल्यासारखा पडला होता. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. दोर मात्र त्याच्यावरून पुढे अधांतरी गेला होता आणि ताठ होता, असं म्हणतात. पलीकडे कोण धरून होतं, ते दोघांनाही दिसलं नाही. तात्याबाने डोक्यावरचं मुंडासं काढलं. शांतवनाच्या मातीला त्या दिवशी सारं बोरमाळ आलं.

आजही त्या गावात कुणाच्या घरी माणूस गेलं, की शेजारी उपदेश करीत नाहीत. वाखाची पेंढी घेऊन येतात आणि फिरकी दुःखी माणसाच्या हातात देतात. मग शेजारी मुक्याने मागे सरकत जातात. ज्याचं गेलं तो बोलेपर्यंत कुणी बोलत नाही. घर कुठल्याही जातीचं असो, कुठल्याही देवाचं असो, गाव हे 'शांतवनबुवाचं वळण' म्हणून पाळतं.

ऐकणाऱ्या लेकरांनो, थोरांनो, माउल्यांनो, तुमच्या दुःखात कुणीतरी गप्प बसणारं मिळो, तुमच्या घरातला दिवा आणि चूल कधी एकटी न पडो, आणि जो शेवटी हाक मारणार आहे त्याचा आवाज तुम्हा सर्वांना, प्रत्येक घराला, आपल्या माणसाच्या आवाजासारखा ओळखू येवो. आमेन.