काळसेनाचं राज्य

"म्हणजे दुष्ट माणूस खेळायचाच नाही, असं का?"

शार्दूलनं हे विचारलं खरं, पण उत्तर ऐकायला तो पुण्याहून वाईला आला नव्हता. तो निकाल घ्यायला आला होता, आणि निकाल आपल्याच बाजूनं लागणार याची त्याला खात्री होती.

शकूताई थालीपिठाचं पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच. मृण्मयीसुद्धा."

शकूताई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आणि या खेळातल्या सगळ्यांत जाणत्या. दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती गोष्टीचा खेळ रंगायचा. प्रत्येकाचं एक पात्र; ते काय करतं, काय बोलतं, हे ज्याचं त्यानं सांगायचं. भोवतालचं जग, राजे, राक्षस, वादळवारे, सगळं शकूताईंकडे. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली, की फासे टाकायचे. एवढाच खेळ. पण शकूताई त्यात असे एकेक नराधम उभे करायच्या, की त्यांच्या हातून मेलेली माणसं पुढच्या रविवारी हसत परत यायची.

शार्दूलचं तसं नव्हतं. कॉलेजपासूनच्या मित्रांबरोबर तो हाच खेळ पुण्यात खेळायचा. त्याचं पात्र काळसेन. हा काळसेन सोबत्यांना झोपेत लुटायचा, त्यांच्या पाण्यात विष कालवायचा, ऐन लढाईत शत्रूला जाऊन मिळायचा. मित्र आधी हसले. मग गप्प झाले. मग एकेकाला रविवारी कामं निघू लागली. शेवटी उरली मृण्मयी. तिनंही सांगून टाकलं, की मी आता तुझ्याबरोबर बसणार नाही.

हे त्याला फार लागलं होतं. पण तसं कबूल करण्यापेक्षा वाईची एसटी पकडणं सोपं होतं.

"ताई, माझं पात्रच तसं आहे. दगा दिला नाही तर तो काळसेन कसला? मी प्रामाणिकपणे खेळतो."

"बरोबर आहे."

"मग चूक त्यांचीच ना?"

"हात धू," शकूताई म्हणाल्या, "आणि टेबलाशी बस. काळसेनालाही घेऊन बस."

टेबलाशी दोघं आधीच येऊन बसले होते. एक नाना शेवाळे, एसटीतून निवृत्त झालेले, चांगल्या झुपकेदार मिशांचे. त्यांचं पात्र म्हणजे रंभा, एका डोळ्याची तिरंदाज. इतक्या मिशांमधून इतका नाजूक आवाज कसा निघतो, हे कोडं वाईत अजून कुणाला सुटलेलं नाही. दुसरी हसीना मुलाणी, दातांची डॉक्टर. ती एक जख्खड, खोकणारा वैद्य खेळायची.

खेळ सुरू झाला. जुलमी किल्लेदाराच्या ताब्यातून घुबडगड सोडवायचा होता. रंभा पुढे, वैद्य खोकत मागे, आणि चोरवाटेची माहिती असलेला नवा सोबती, काळसेन.

चोरदरवाजाशी पोचल्यावर शार्दूल म्हणाला, "काळसेन शिट्टी मारून पहारेकऱ्यांना बोलावतो."

नानांना आधी ते खरंच वाटेना.

काळसेनानं दोघांना किल्लेदाराच्या हवाली केलं. बक्षीस म्हणून मेजवानी मिळाली, तर त्या मेजवानीत किल्लेदारालाही विष दिलं. फासेही त्या दिवशी त्याच्यावर खूश होते. बघता बघता गड काळसेनाचा झाला.

नानांनी चष्मा काढून पुसला. रंभेवर त्यांचा फार जीव होता.

"सॉरी नाना," शार्दूल म्हणाला. "माझं पात्रच तसं आहे."

आता ताई चिडतील, म्हणून तो उत्तर जुळवून बसला होता.

"छान जमलं," शकूताई म्हणाल्या. "रंभा आणि वैद्यबुवा कोठडीत. सकाळी फाशी. कोठडीतल्या माणसांना काही काम नसतं. नाना, हसीना, आत जाऊन तवा ठेवा. लोणी फ्रिजमध्ये आहे."

दोघं उठून स्वयंपाकघरात गेले.

"आणि मी?"

"तू राजा. खेळ."

शार्दूल सावरून बसला.

"काळसेन सिंहासनावर बसतो."

"बसला."

"खजिना उघडतो. कुलूप असेल ना? फासे टाकू?"

"कशाला? अडवायला आहे कोण?"

"... बरं. सरदारांना बोलावतो. त्यातला एखादा नक्की फितूर असणार."

"एकही नाही. सगळे मुजरा करतायत."

"शेजारचा राजा चालून येत असेल."

"त्यानं नजराणा पाठवलाय. हत्ती."

आत तव्यावर चर्र झालं. पाठोपाठ रंभेचा नाजूक आवाज आला, "वैद्यबुवा, मरताना शेवटची इच्छा एकच. थालीपीठ जरा कुरकुरीत होऊ द्या." वैद्यबुवा खोकता खोकता हसायला लागले, आणि मग हसता हसता खरोखरच ठसका लागला.

"पुढे?" शकूताईंनी विचारलं.

"काळसेन... जेवतो."

"जेवला. पोटभर."

"झोपतो."

"झोपला. कुणी उठवत नाही."

"उठतो."

"पुढे?"

शार्दूलनं फाशांकडे पाहिलं. मघापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. त्याला कंटाळा आला. राज्य मिळून पाच मिनिटं झाली नाहीत तोच कंटाळा आला, याची मग लाज वाटली. आणि एकदम मृण्मयी आठवली. काळसेन संकटात सापडला, की ती टेबलावर थाप मारून ओरडायची, 'थांब रे, मी आले!' त्यानं दोनदा दगा दिल्यावरही ओरडायची.

"ताई, रंभा कोठडीतून निसटू शकेल का?"

"मला काय विचारतोस? राज्य तुझं."

त्यानं फासे टेबलाच्या मधोमध सारले.

मग उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. छाती पुढे काढली. आवाज खाली नेला.

"कैद्यांनो! उद्या सकाळी माझ्या दरबारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुम्हाला फासावर चढवणार आहे. आणि रंभे, तुझं धनुष्य मी सिंहासनामागच्या भिंतीवर टांगलंय. येता-जाता बघायला बरं वाटतं मला."

नानांचा घास तोंडातच थांबला.

"भिंतीवर... म्हणजे हाताला येईल असं?"

"मला माझ्याबद्दल इतकी खात्री आहे नाना, की मी तिथं पहारासुद्धा ठेवलेला नाही."

हसीनानं उलथनं खाली ठेवलं. "मरणाऱ्याला औषधाचा बटवा जवळ बाळगू देणार का, महाराज?"

"देणार. म्हाताऱ्याची मला कसली भीती?" आणि काळसेन असा काही हसला, की ओट्यावरच्या मांजरानं खिडकीतून उडी टाकली.

तिघं ताटल्या घेऊन धावतच टेबलाशी आले.

मग जे झालं त्याला खेळ म्हणतात. वैद्यबुवांनी पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत पूड फुंकली. रंभेनं भिंतीकडे झेप घेतली, ती चुकली. काळसेनानं कुणाची गय केली नाही. वैद्याला पायरीवरून ढकललं, रंभेचा हात तलवारीनं फाडला, वर तिच्या फुटक्या डोळ्यावरून बोललाही. नाना संतापानं लालबुंद झाले. रंभेनं दुसऱ्या झेपेत धनुष्यबाण हिसकावले, आणि लोणी लागलेल्या बोटांनी नानांनी फासे टाकले.

बाण काळसेनाच्या गळ्यात घुसला.

शार्दूल खुर्चीवरून फरशीवर कोसळला. तिथं तो बराच वेळ मेला. मरता मरता सगळ्यांच्या सात पिढ्यांना शाप दिले. शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या, तर नाना डोळे पुसत हसत होते आणि हसीना बाकावर चढून रंभेचा जयजयकार करत होती.

"पुढच्या रविवारी भूत होऊन ये लेका," नानांनी त्याला हात देऊन उठवलं. "आलाच पाहिजेस."

शार्दूल गार झालेलं थालीपीठ खायला बसला. इतकं चविष्ट त्यानं बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. खाता खाता त्यानं फोन काढला, मृण्मयीचं नाव शोधलं, आणि तिथंच थबकला.

"ताई, तिला काय सांगू? सुधारलो म्हणून सांगू?"

शकूताईंनी त्याच्या ताटलीत लोण्याचा गोळा वाढला.

"खोटं कशाला बोलतोस? आत्ता कुठे तू दुष्ट व्हायला लागलायस. तिला म्हणावं, तलवारीला धार लावून ये."