गोजरेची ओंजळ

एका राज्यात, जिथे मैना न्यायसभेत साक्ष देत आणि नद्या हाकेला वळून बघत, रत्नध्वज नावाचा राजा होता. एक यक्षिणी झाडूवालीच्या वेषात वर्षभर त्याचा राजवाडा झाडत राहिली. तिने मजुरी मागताच प्रधानाने तिला हाकलले. यक्षिणीने शाप दिला, "या खजिन्यातले सोने उंबरा ओलांडताच राख होईल."

तसेच झाले. बाजार बसला. सरदारांनी आपापली कोठारे भरून कुलपे लावली. पाणी भरणाऱ्या, झाडणाऱ्या, बाळंतपणे करणाऱ्या बायांची मजुरी मात्र आधी निम्मी झाली, मग बंदच. तरी त्या कामावर येत. पाणी भरणारी गोजरा सुईण भागाक्काला म्हणे, "आपण थांबलो तर नगर तहानेनं मरेल गं." तिची स्वतःची चूल दोन दिवस थंड होती.

एके सकाळी मैना तिच्या घागरीवर बसली. "यक्षिणीच्या डोंगरावर तीन कामे करील, त्याला उःशाप मिळेल. सात सरदार गेले, हात हलवत परतले."

"मी जाते," गोजरा म्हणाली.

पहिल्या कामात जळत्या वाटेवरून भरली घागर आणायची होती, थेंब न सांडता. गोजरेने डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि घागर आणली. दुसऱ्यात नागांची गुहा झाडायची. "सरका रे बाळांनो," ती म्हणाली. नाग सरकले.

तिसरे काम सर्वांत अवघड होते. यक्षिणीची लेक बाळंतपणात अडली होती. भागाक्काशेजारी पाणी तापवत बसून गोजरेने पुष्कळ पाहिले होते, पण स्वतः केले नव्हते. दिवसभर ती त्या पोरीला धीर देत राहिली, "मी आहे हं, बाई." उन्हे कलताना बाळ रडले.

यक्षिणीचे डोळे भरले. "ज्यांच्या कष्टावर नगर तगले, त्यांना खजिन्यातली पहिली ओंजळ द्या. मग सोने सोनेच राहील."

गोजरेने हे दरबारात सांगितले. प्रधान म्हणाला, "पहिला मान सरदारांचा." त्याने उचललेल्या ओंजळीची उंबऱ्यावरच राख झाली.

राजा सिंहासनावरून उतरला. "गोजराबाई, हक्क तुमचा."

"आधी भागाक्काचा, महाराज. उपाशीपोटी तिनं चाळीस बाळं जगात आणली."

राजाने स्वतः ओंजळ भरली, उंबरा ओलांडला आणि ती भागाक्काच्या पदरात घातली. सोने झळाळत राहिले. शाप सरला. थकलेली मजुरी चुकती झाली, वाढवूनही मिळाली. सरदारांची पाळी शेवटी आली.

दुसऱ्या दिवशी राजा विहिरीवर आला. "दोर माझ्याकडे द्या."

ओढता ओढता अर्धे पाणी सांडले. गोजरा पदर तोंडाला लावून हसली.

"उद्या पुन्हा या, महाराज. जमेल."