भाच्याचा चेहरा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. त्याचे नाव भालचंद्र, वय पन्नाशीच्या पुढचे. त्याची आई काही वर्षांपासून अंथरुणाला खिळली होती आणि तिचे सारे तोच करीत असे.

गुरुजींनी विचारपूस केली तेव्हा त्याने भलताच विषय काढला. लहानपणी आईबरोबर पाहिलेला एक विनोदी चित्रपट आदल्या दुपारी त्याने मोबाइलवर पुन्हा लावला होता. त्यातली म्हातारी आत्या काही केल्या मरत नाही. नातेवाईक जमतात, रडारड सुरू होते, भाचा तिरडीसाठी बांबू घेऊन येतो. तोच आत्या डोळे उघडते आणि माझी गोधडी कोणी नेली म्हणून सगळ्यांना फैलावर घेते. त्या प्रसंगाला तेव्हा मायलेक पोट धरून हसले होते. आता जिवाला जरा विसावा मिळेल म्हणून त्याने तो लावला आणि नेमका तिथेच बंद केला.

गुरुजींनी तो प्रसंग पाहायला मागितला. आत्याने डोळे उघडताच ते मोठ्याने हसले. भालचंद्राच्या मनाला ते लागले. त्याने चित्र थांबवले.

“गुरुजी, त्या भाच्याचा चेहरा पाहिलात? ती जिवंत आहे हे कळल्यावर क्षणभर तो निराश होतो. लहानपणी मला ते दिसलंच नव्हतं. हल्ली सकाळी आईचा श्वास चालू आहे हे पाहतो ना, तेव्हा माझा चेहरा तसाच होतो.”

गुरुजी म्हणाले, “माझी बायको, तुझी काकू, आजारी होती, तेव्हा माझाही चेहरा तसाच होत असे. मला वाटे, जगात असा पापी मीच एकटा. पण ज्याने हा प्रसंग रचला, त्याला तो चेहरा ठाऊक होता. या प्रसंगाला हसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनाही असेल. आज एवढ्या वर्षांनी त्या चेहऱ्याची सोबत मिळाली, म्हणून हसलो. आता पुढचं दाखव. तू तिथेच थांबलास.”

चित्र पुढे सरकले. भाच्याने बांबू भिंतीला टेकवून ठेवले, आत्याला उठवून बसवले आणि स्वतःच्या हाताने पाणी पाजले.

“चेहऱ्यावर काय उमटावं हे आपण ठरवत नाही, भालचंद्रा. पाणी पाजायचं की नाही, एवढंच आपण ठरवतो,” गुरुजी म्हणाले. आणि जरा थांबून त्यांनी विचारले, “तुम्ही हा चित्रपट पाहिलात त्या वर्षी तुमच्या घरी कोण आजारी होतं?”

भालचंद्राला आठवायला वेळ लागला. आजी. ती आतल्या खोलीत पडून असे, आणि तिचे सारे आई करीत असे. त्या दिवशी शेजारणीला आजीजवळ बसवून आई कशीबशी घराबाहेर पडली होती. त्या प्रसंगाला ती इतकी हसली होती की, पदराने डोळे पुसत राहिली होती.

“म्हणजे तो चेहरा आईलाही ठाऊक होता,” तो हळूच म्हणाला.

भालचंद्र घरी परतला. त्याने आईची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, चादर सारखी केली. अंगातला शीण तसाच होता. पण कित्येक महिन्यांनी आज त्याने हे सगळे तिच्या डोळ्यांकडे पाहत केले.