राणीच्या अंगणातला देवदार

पूर्वी वेतसनगरात धृतसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका उद्यानपालाच्या कुळात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. पण ही गोष्ट त्याच्या आधी राणीपासून सुरू होते, कारण झाड तिच्यासाठी आणले होते, आणि तिने ते मागितले नव्हते.

राणी सुतनू हिमालयाच्या उतारावरच्या एका लहान राज्यातून लग्न होऊन आली होती. वेतसनगर नदीकाठच्या खळग्यात वसलेले. उन्हाळ्यात भिंतींना हात लावता येत नसे आणि पावसाळ्यात अंगणातले पाणी हटत नसे. लग्नाला थोडेच दिवस झाले असताना राजाने तिला विचारले, माहेरचे काय आठवते? नव्या नवरीला काहीतरी सांगावेच लागते. आईची आठवण येते म्हटले तर त्याला वाईट वाटेल, म्हणून ती म्हणाली, देवदाराचा वास.

राजा प्रेमळ होता, आणि प्रेमळ माणसांना स्वस्थ बसवत नाही. त्याने पुरुषभर उंचीचा एक देवदार मुळांच्या मातीसकट खणवला, आडव्या दांड्यांना बांधून हमालांच्या खांद्यांवरून डोंगर उतरवला आणि राणीच्या खिडकीसमोर लावला. भर दरबारात तो म्हणाला, हे झाड जगेल तसा आमचा संसार बहरेल. पुरोहित वसुदंताने लगेच त्याचे व्रत करून टाकले. दरवर्षी झाडाची पूजा, पूजेला गोदान, आणि झाड सुकू देणाऱ्या उद्यानपालाला देहदंड.

देवदार पहिल्याच पावसाळ्यात मेला. राजा तेव्हा शिकारीला गेला होता. वसुदंताने गुपचूप हमाल धाडून तेवढ्याच उंचीचा दुसरा आणवला. पुढच्या वर्षी तिसरा. जुना उद्यानपाल जिवाच्या भीतीने गप्प राहिला. राजा शिकारीहून येई, खोडावर हात ठेवी आणि म्हणे, "बघ राणी, कसं रुळलंय."

राणी बघे. ती देवदारांखाली वाढली होती. डावीकडे वळलेली फांदी वर्षभरात उजवीकडे जात नाही, आणि जिवंत झाड जन्मभर पुरुषभरच राहत नाही, एवढे तिला कळत होते. पण राजाचा चेहरा असा उजळलेला असे की ती म्हणे, "हो, रुळलंय." एवढे दोन शब्द बोलले की तिला दिवसभर काही करावेसे वाटत नसे.

उन्हाळ्यात झाडाच्या मुळांना गारवा मिळावा म्हणून डोंगरातून भुशात बांधून बर्फ येई. निघताना तो बर्फ असे, नगरात पोचेपर्यंत ओला भुसा. तो भुसा मोठ्या भक्तीने मुळाशी ओतला जाई आणि मुळे त्यात आणखी कुजत. भुशाचे पाणी कोपऱ्यात साचे. तिथे वेखंड उगवले होते. ते कुणी लावले नव्हते. दासी तान्ह्या मुलांना उगाळून चाटवायला त्याची मुळी खणून नेत, तरी पुढच्या पावसात ते होते तेवढे होई. दुपारी सगळे निजले की राणी खाली उतरून त्याचे एक पान चुरगळी. तो वास माहेरचा नव्हता. इथलाच होता, पण बोटांना बराच वेळ राही.

बर्फ आणणारे आणि झाड आणणारे हमाल तिच्याच खोऱ्यातले होते. त्यांच्यातला म्हातारा तिला, आजूबाजूला कुणी नाही असे बघून, "लेकी" म्हणत असे. ती त्यांना खिडकीतून ताक पाठवी. त्याहून जास्त काय करावे हे तिला सुचत नसे.

एका वर्षी जुन्या उद्यानपालाने आजारपण पुढे केले आणि तो गावी निघून गेला. त्याच्या जागी सोमिल आला. पावसाळा सरता सरता देवदार नेहमीप्रमाणे शेंड्याकडून तांबूस पडत गेला. राजा शिकारीला गेला, तसा वसुदंत अंगणात आला. खिडकी उघडी होती आणि राणी आत बसली होती, पण वसुदंताने कधी वर बघितले नव्हते.

नवे झाड वाटेवर आहे, आले की जुने उपटून टाक, असे त्याने सोमिलाला सांगितले. नव्या माणसाला रीत समजावून द्यावी तशा सुरात.

"महाराजांनी विचारलं तर?" सोमिलाने विचारले.

"कुणी विचारत नाही रे. त्यांना झाड हिरवं दिसलं की झालं."

"विचारलं तर मला खरं सांगावं लागेल."

"मग तुझं डोकं जाईल. बायकामुलं आहेत ना तुला?"

सोमिलाने मान डोलावली. "डोंगरातल्या त्या हमालांनाही असतील," तो म्हणाला आणि पाण्याला वाट करून द्यायला चर खणू लागला. वसुदंत वळला. मग, तुमच्यासारख्यांना उद्यानात ठेवण्यापेक्षा मठात ठेवायला हवे, असे काहीसे पुटपुटत गेला.

दोन दिवसांनी झाड आले. हमाल नेहमीसारखे बोलत आले नाहीत. अवघड कड्यावर भार एका बाजूला कलला होता आणि पुढच्या दांड्याखालचा भोटा नावाचा माणूस खाली दरीत गेला होता. झाड मात्र शाबूत होते. राणी खाली आली तेव्हा म्हाताऱ्याने तिला लेकी म्हटले नाही.

"तुमचं झाड आणलंय," तो म्हणाला.

राणीने ताक मागवले नाही. ती पायरीवर बसली. आपण त्या दिवशी दुसरे काहीही म्हणालो असतो, तांदूळ किंवा मेंढ्या, तरी चालले असते, असे तिच्या मनात आले.

सोमिलाने नव्या झाडाच्या मुळांची माती ओल्या फडक्याने गुंडाळून ते सावलीला ठेवले आणि मेलेले झाड जागचे हलवले नाही. राजा परतला तो थेट अंगणात. तांबूस पडलेल्या फांद्यांसमोर तो थांबला.

"कुणी मारलं हे?"

"पाण्यानं, महाराज," सोमिल म्हणाला. "दरवर्षी मारतं. देवदार मोठा आहे यात वाद नाही. त्याला थंडी लागते, उतार लागतो, मुळाशी आलेलं पाणी पुढे निघून जावं लागतं. आणि इथे जगला असता, तरी नातवांच्या काळात त्यानं अंगण आणि खिडकी दोन्ही झाकून टाकलं असतं."

"मग इथे लावायचं काय?"

सोमिलाने कोपऱ्यातले वेखंड दाखवले. ते गुडघ्याएवढे होते. त्याला चिखल हवा, तो इथे भरपूर आहे, तो म्हणाला. उन्हाळ्यात पाने वाळतात, मेल्यासारखे दिसते, पण मुळी खाली आडवी सरकत असते.

"राणीच्या खिडकीपुढे गवत लावू मी?"

"लावायचं नाही, महाराज. ते आलेलंच आहे. फक्त तुडवायचं नाही."

वसुदंत पुढे झाला. व्रत मोडले आहे, दंड ठरलेला आहे, आणि नवे झाड सुदैवाने दारात आहे, असे त्याने सांगितले. राजाने सोमिलाला विचारले, दंड ठाऊक आहे ना?

"आहे, महाराज. तो मी घेतो. एवढंच मागतो, माझ्यानंतर आणखी झाड खाली आणवू नका. या वेळी एक माणूस कड्यावरून गेला."

राजा गोंधळून राणीकडे वळला. निदान तिने तरी काही बोलावे, अशा नजरेने. राणीच्या तोंडाशी नेहमीचे दोन शब्द तयार होते. ते बोलले असते तर संध्याकाळपर्यंत नवा देवदार उभा राहिला असता आणि सोमिलाची बायको विधवा झाली असती.

"हे तुम्ही आणलेलं झाड नाही, महाराज," ती म्हणाली. "ते पहिल्याच वर्षी मेलं. त्यानंतरचंही मेलं. मला दरवर्षी कळत होतं."

"आणि तू हो म्हणत होतीस?"

"तुम्हाला बरं वाटायचं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही, आणि मधल्या मधे ही माणसं डोंगर उतरत होती. दंड द्यायचा तर मला द्या. यांनी फक्त खरं सांगितलं."

राजा मेलेल्या झाडाच्या आळ्याशी, चिखलातच बसला. वसुदंताने एक पाऊल मागे घेतले, मग आणखी एक. राजा म्हणाला, "मला वाटायचं, तू या झाडाकडे बघून इथे राहतेस."

"मी तुमच्याकडे बघून राहते," राणी म्हणाली. "झाडाचा त्रासच होता."

व्रत त्याच दिवशी दंडासकट बंद झाले. वसुदंताला मिळालेल्या सगळ्या गाई भोट्याच्या घरी गेल्या. गाईंनी माणूस भरून येत नाही हे राजालाही समजले होते. सावलीतला देवदार हमालांनी स्वतःहून परत मागितला. पायथ्यापर्यंत तो बैलगाडीतून गेला आणि तिथून वर त्यांनी खांद्यावर नेला, भोटा पडला त्या कड्याच्या माथ्यावर लावायला. खिडकीसमोर काही लावले नाही. वेखंड आपले आपण तिथवर आले, तेव्हा राजाने कुंपण घालायची आज्ञा द्यायला तोंड उघडले, राणीकडे पाहिले आणि मिटले.

दात्यांचे मन मोडू नये म्हणून नको असलेल्या प्रत्येक आमंत्रणाला हो म्हणून थकून गेलेल्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात ही पूर्वकथा सांगितली, आणि जन्मांची जुळणी करून दिली: त्या वेळचा राजा म्हणजे आनंद, वसुदंत म्हणजे देवदत्त, डोंगरातला म्हातारा हमाल म्हणजे सारिपुत्त, राणी सुतनू म्हणजे राहुलमाता यशोधरा, आणि उद्यानपाल सोमिल मीच होतो. भिक्षूने विचारले, भगवन, आणि देवदार?

शास्ते म्हणाले, तो कुणीच नव्हता. तो देवदार होता, आणि त्याला डोंगरावर राहायचे होते. हे ज्याला दिसते आणि दिसलेले ज्याला सांगता येते, त्याने सत्यपारमिता आचरली असे समजावे.